केरो लक्ष्मण छत्रे

केरो लक्ष्मण छत्रे ऊर्फ केरूनाना छत्रे (मूळ नाव : विनायक लक्ष्मण छत्रे, जन्म : नागाव, तालुका अलिबाग, १६ मे १८२५, मृत्यू : १९ मार्च १८८४) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी गणितज्ञ, ज्योतिर्विद, पदार्थविज्ञानाचे अध्यापक आणि पाठ्यपुस्तककार होते. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत त्यांनी सुमारे दहा वर्षे वेध घेण्याचे काम केले. त्यानंतर पुण्यात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. शाळेतील मुलांसाठी त्यांनी मराठीत लिहिलेली ‘पदार्थविज्ञानशास्त्र’ व ‘अंकगणित’ ही पुस्तके आणि १८६० साली प्रसिद्ध झालेला ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ या त्यांच्या प्रमुख कृती होत. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे डेक्कन कॉलेजातील त्यांचे विद्यार्थी होते. विद्यापीठाची कोणतीही पदवी नसताना ते प्राध्यापकपदापर्यंत पोहोचले.

जन्म आणि पार्श्वभूमी

केरूनानांचा जन्म अष्टागरातील नागाव येथे झाला. अष्टागर म्हणजे अलिबागच्या परिसरातील, नारळी-पोफळीच्या वाड्यांनी भरलेली किनारपट्टी. त्यांच्या जन्माच्या वेळी हा प्रदेश मुंबई सरकारच्या प्रत्यक्ष अमलाखाली नव्हता. तेथे कुलाबकर आंग्र्यांची सत्ता होती. ती १८४० साली खालसा झाली. पुढे या भागाचा कुलाबा जिल्हा झाला आणि १९८१ साली त्याचे नाव रायगड असे ठेवण्यात आले. जिल्ह्याचे जुने नाव अलिबागसमोरच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावरून पडले होते. केरूनानांनी ज्या कुलाबा वेधशाळेत काम केले ती मात्र मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या कुलाब्यात होती. नावांतील साम्यामुळे ही दोन ठिकाणे एकच समजण्याची चूक पुष्कळदा होते.

याच किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस मुरूडजवळील नांदगाव येथे, सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ हे ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा शके १४४२ मधील ग्रंथ केरूनानांच्या काळीही महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांचा मुख्य आधार होता. पुढे केरूनानांनी पंचांगसुधारणेचे जे काम केले ते याच ग्रंथावर आधारलेल्या गणिताविषयीचे होते.

लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे केरूनाना मुंबईस आले. छत्रे घराण्यातील सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे त्या वेळी मुंबईच्या शिक्षणक्षेत्रातील महत्त्वाचे गृहस्थ होते. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे ते एतद्देशीय चिटणीस होते. ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ या त्यांच्या पुस्तकांमुळे मराठी बालवाङ्मयाच्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते. पोंभुर्ल्याहून आलेले बाळशास्त्री जांभेकर हेही याच बापूंच्या आश्रयाने मुंबईत शिकले. मराठी मुलांसाठी मराठीत पुस्तके लिहिण्याची परंपरा केरूनानांना अशा रीतीने घराण्यातूनच लाभली होती.

शिक्षण

केरूनानांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची असल्यामुळे त्यांच्या विद्यार्थिदशेत पदवी परीक्षा अस्तित्वातच नव्हती. आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार हे तेथे गणित, खगोल व सृष्टिविज्ञान शिकवीत असत. बाळशास्त्री जांभेकर १८३४ पासून त्याच संस्थेत अध्यापन करीत होते. जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मराठी मासिक सुरू केले आणि त्यातून भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान आदी विषयांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. केरूनानांची गणितातील गती ऑर्लिबार यांच्या ध्यानात आली होती. वेधशाळेचा कारभार ऑर्लिबार यांच्याकडे असल्याने त्यांनी या विद्यार्थ्याला तेथे घेतले.

कुलाबा वेधशाळेतील काम

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. समुद्रप्रवासासाठी अचूक वेळ मिळावी आणि तारे-ग्रहांचे वेध घेतले जावेत हा तिचा मूळ हेतू होता. केरूनाना १८४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तेथे कामाला लागले. पुढच्याच वर्षी वेधशाळेत भूचुंबकत्वाची व हवामानाची नियमित निरीक्षणे सुरू झाली.

ही निरीक्षणे एका जागतिक उपक्रमाच्या काळातील होती. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे कार्ल फ्रीड्रिख गाउस व विल्हेल्म वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप ठरावीक पद्धतीने आणि ठरावीक वेळी करण्याची व्यवस्था घालून दिली होती. ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तशीच निरीक्षणकेंद्रे साम्राज्यात अनेक ठिकाणी उघडण्यात आली. हिंदुस्थानात सिमला आणि मद्रास येथेही अशी केंद्रे होती. दूरदूरच्या ठिकाणी एकाच क्षणी घेतलेल्या नोंदी ताडून पाहिल्यास चुंबकीय बदल स्थानिक आहे की साऱ्या पृथ्वीवर घडणारा आहे, हे ठरविता येत असे.

या कामाचे स्वरूप साधे पण कष्टाचे होते. धाग्याने टांगलेला चुंबक ज्या दिशेस स्थिर होतो ती दिशा आणि भौगोलिक उत्तर दिशा यांतील कोन सूक्ष्मपणे वाचायचा, क्षेत्राची तीव्रता मोजायची, त्याच वेळी हवेचा दाब, तापमान व आर्द्रता टिपायची, आणि रात्रंदिवस ठरलेल्या वेळी हे पुन्हा करायचे, अशी ती पद्धत होती. निरीक्षकाला आकड्यांत आपल्या मनाची भर घालता येत नसे. चुकलेली नोंद मागाहून सुधारता येत नसे. पंधरा ते पंचवीस वर्षे या वयात केरूनाना या शिस्तीत वाढले. त्यांच्या पुढील सर्व कामांत, मग ते पाठ्यपुस्तक असो वा पंचांग, मोजमापाला दिलेले अग्रस्थान याच अनुभवातून आलेले दिसते.

अध्यापन

केरूनाना १८५१ साली पुण्यास आले. त्याच वर्षी तेथील संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा यांच्या एकत्रीकरणातून पूना कॉलेज उभे राहिले होते. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गांत त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले. काही काळ ते अहमदनगर येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते, तर काही काळ त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी शाळेत अध्यापन केले. पूना कॉलेजचे नाव १८६४ साली डेक्कन कॉलेज असे झाले आणि १८६८ साली ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. या कॉलेजात केरूनाना गणित व सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक झाले. सरकारी महाविद्यालयांतील वरच्या जागा त्या काळी बहुधा युरोपीय पदवीधरांकडे असत. पदवी नसलेल्या एतद्देशीय शिक्षकाला मिळालेले हे स्थान म्हणून लक्षणीय होते. १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला होता.

नॉर्मल वर्गातील अध्यापनाचे महत्त्व निराळे होते. तेथे शिकणारे विद्यार्थी पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतील मराठी शाळांवर शिक्षक म्हणून जात. ज्या गावांत प्रयोगाची उपकरणे नव्हती आणि इंग्रजी पुस्तकेही नव्हती, तेथील मुलांपर्यंत पदार्थविज्ञान पोहोचण्याचा मार्ग या शिक्षकांमधूनच जात होता. त्या शिक्षकांच्या हाती देण्यासाठी मराठी पुस्तकाची गरज होती.

‘पदार्थविज्ञानशास्त्र’

मराठीत पदार्थविज्ञानावर लिहिण्यास केरूनानांच्या आधी सुरुवात झाली होती. हरि केशवजी यांनी इंग्रजी संवादरूप पुस्तकाच्या आधारे ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक सिद्ध केले होते. ‘दिग्दर्शन’मधील लेख होतेच. केरूनानांचे ‘पदार्थविज्ञानशास्त्र’ हे मात्र प्रत्यक्ष वर्गात शिकविणाऱ्या आणि वेधशाळेत दहा वर्षे काढलेल्या माणसाने शाळेसाठी लिहिलेले क्रमिक पुस्तक होते.

आज ज्याला भौतिकशास्त्र किंवा भौतिकी म्हणतात त्याला त्या काळी पदार्थविज्ञान किंवा सृष्टिविज्ञान म्हणत. पदार्थांचे सामान्य गुण, गती, गुरुत्वाकर्षण, तरफ व कप्पी यांसारखी साधी यंत्रे, पाणी व हवा यांचा दाब, उष्णता, ध्वनी, प्रकाश, वीज आणि चुंबकत्व हे विषय या नावाखाली येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या शास्त्राचा पायाही अजून पूर्ण बांधून झालेला नव्हता. मायकेल फॅरडे यांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध १८३१ साली लावला होता. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम १८४० च्या दशकात जूल, हेल्महोल्ट्झ आदींच्या कामातून आकार घेत होता. प्रकाश ही विद्युत्-चुंबकीय लहर आहे हा जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा सिद्धान्त १८६० च्या दशकातला. युरोपात जे शास्त्र घडत होते ते मराठी शाळेत आणण्याचे काम त्याच काळात चालले होते.

या कामातील खरी अडचण शब्दांची होती. व्यवहारातील मराठीत जोर, बळ, शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. शास्त्रात मात्र प्रत्येक शब्दाला एकच ठरलेला अर्थ लागतो. वजन हे पृथ्वीच्या ओढीवर अवलंबून असते आणि पदार्थातील द्रव्याचे प्रमाण त्यापासून वेगळे असते, हा भेद बाजारातील तराजूच्या भाषेत सापडत नाही. आजच्या शालेय पुस्तकांत बल, वस्तुमान, कार्य, ऊर्जा, शक्ती या संज्ञा एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळ्या केलेल्या आढळतात. ही परिभाषा एका दिवसात किंवा एका समितीकडून तयार झालेली नाही. छत्रे यांच्या पिढीतील पाठ्यपुस्तककारांनी संस्कृतातून, बोलीतून आणि ज्योतिषग्रंथांतून शब्द निवडले, वर्गात वापरून पाहिले आणि त्यातील जे टिकले ते पुढच्या पिढीने स्वीकारले किंवा बदलले.

दुसरी अडचण शिकण्याच्या रीतीची होती. तत्कालीन शाळेत पाठांतराला मोठे स्थान होते. पदार्थविज्ञानात नियम पाठ असणे पुरेसे नसते. पाण्यात बुडविलेली वस्तू हलकी का लागते, उंच जागी हवेचा दाब कमी का होतो, हे विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावे लागते. नियमाला पुरावा निरीक्षणाचा असतो, ग्रंथाचा किंवा गुरूचा नसतो. ही गोष्ट शाळकरी वयातच रुजविण्याचे साधन म्हणून मराठी पुस्तकाला महत्त्व होते, कारण परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलाची बरीच शक्ती शब्दार्थ लावण्यातच खर्च होत असे.

केरूनानांचे ‘अंकगणित’ हे पुस्तकही शाळांतून चालले. पदार्थविज्ञानाला लागणारे त्रैराशिक, प्रमाण, अपूर्णांक व दशांश यांचे ज्ञान विद्यार्थ्याला मराठीतच मिळावे, ही गरज त्याने भागविली.

मराठीतून हे शास्त्र शिकण्याची वाट मात्र प्राथमिक शाळा व शिक्षकांच्या वर्गांपुरतीच राहिली. विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्यावर उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले आणि इंग्रजी शाळांतील विज्ञानही इंग्रजीतूनच शिकविले जाऊ लागले. माध्यमिक शाळांतून मराठी माध्यम विसाव्या शतकात रूढ झाले. तेव्हा पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेची सुरुवात पुन्हा शून्यापासून करावी लागली नाही, याचे काही श्रेय छत्रे व त्यांच्या समकालीनांच्या पुस्तकांना आहे.

भरती-ओहोटी, सूर्यावरील डाग आणि इतर निबंध

मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली ज्ञानप्रसाराचे काम हाती घेतले. त्यातून मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली व दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष झाले. सभेच्या वतीने ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक चालविले जाई. केरूनानांनी भरती-ओहोटी, हवा, कालज्ञान यांसारख्या विषयांवर निबंध लिहिले.

भरती-ओहोटी हा विषय अष्टागरात वाढलेल्या माणसाच्या रोजच्या पाहण्यातला होता. कोकण किनाऱ्यावरील कोळी व नावाडी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, असा हा आडाखा आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट म्हणजे सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. या आडाख्यामागे भौतिकशास्त्रातील कारण आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते. तीस तिथींच्या एका चांद्रमासात चंद्र सूर्याच्या मानाने एक पूर्ण फेरी मागे पडतो, म्हणजे भरतीची वेळ तीस तिथींत चोवीस तासांनी सरकते. एका तिथीमागे ही सरक सुमारे ४८ मिनिटांची होते आणि पाऊण तास हे तिचेच स्थूल रूप आहे. अमावास्या व पौर्णिमेस सूर्य-चंद्रांचे आकर्षण एकाच रेषेत येते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांस काटकोनात येते व भांग येते. किनाऱ्यावरील माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टीचे कारण गुरुत्वाकर्षणाच्या नियमात सापडते हे दाखविण्यासाठी मराठी वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

सूर्यावरील डाग आणि हवामान यांच्या संबंधाचाही केरूनानांनी अभ्यास केला. डागांची संख्या सुमारे दहा-अकरा वर्षांच्या अंतराने कमी-जास्त होते, हे हाइन्रिख श्वाबे यांनी १८४३ साली प्रसिद्ध केले होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळही त्याच चक्राने वाढते-घटते, असे १८५२ च्या सुमारास दिसून आले. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पावसाचे प्रमाण सूर्याच्या या चक्राशी बांधलेले आहे काय हा प्रश्न हिंदुस्थानात व इंग्लंडमध्येही चर्चिला गेला. डाग आणि पाऊस यांत सरळ व खात्रीचा संबंध पुढे प्रस्थापित झाला नाही. डाग आणि भूचुंबकीय वादळे यांचा संबंध मात्र पक्का ठरला.

‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आणि पंचांगसुधारणा

केरूनानांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे १८६० साली छापलेला ‘ग्रहसाधनाची कोष्टके’. युरोपात तयार झालेल्या नव्या ग्रहकोष्टकांच्या आधारे सूर्य, चंद्र व ग्रह यांची स्थाने मराठी वाचकाला काढता यावीत अशी या ग्रंथाची योजना होती. युरोपातील ही कोष्टके न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमावर आणि अचूक वेधांवर उभी होती. त्यामुळे हा ग्रंथ पंचांगाचे साधन असला तरी नव्या पदार्थविज्ञानाचे फळही होता.

महाराष्ट्रातील पंचांगे त्या वेळी ‘ग्रहलाघव’ व त्याच्याशी संबंधित सारण्यांवरून केली जात. गणेश दैवज्ञांनी ज्या-चापांची गणिते टाळून सर्व रीती साध्या गुणाकार-भागाकारांवर आणल्या होत्या. त्यांनी व त्यांचे वडील केशव दैवज्ञ यांनी आपल्या काळी स्वतः वेध घेऊन ग्रहगती तपासल्या होत्या. परंतु साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साचत गेल्या. परंपरेतील सौर वर्षमान नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. हजार वर्षांत हा फरक दोन दिवसांहून अधिक होतो. पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष ग्रहण, पंचांगातील ग्रहाचे स्थान आणि आकाशातील ग्रह यांत दिसणारी तफावत कोणालाही पडताळता येण्याजोगी होती.

आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने केरूनानांनी १८६५ सालापासून नव्या गणिताचे पंचांग छापण्यास आरंभ केला. पुढे ते पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यात रेवती नक्षत्रातील योगतारा, म्हणजे मीन राशीतील ‘झीटा’ हा तारा, राशिचक्राचा आरंभबिंदू मानला होता. त्यामुळे पंचांगातील अयनांश रूढ मानापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आले आणि काही वर्षी अधिक मास व सणांच्या तिथी रूढ पंचांगाहून वेगळ्या पडू लागल्या.

यावरून मोठा वाद झाला. ज्यांची जुन्या ग्रंथांवर निष्ठा होती त्यांना वेधाच्या आधारे धर्मकृत्यांचा काळ बदलणे मान्य नव्हते. दुसरीकडून विसाजी रघुनाथ लेले यांनी, पंचांग शुद्धच करावयाचे तर ते ऋतूंशी जुळणारे सायन असावे, निरयन ठेवू नये, अशी टीका केली. जनार्दन बाळाजी मोडक व शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही सायन पक्षाचे होते. केरूनानांचे पंचांग सर्वत्र रूढ झाले नाही. तथापि पंचांगातील गणित आकाशाशी जुळले पाहिजे, म्हणजेच त्यास दृक्प्रत्यय आला पाहिजे, हे तत्त्व या वादातून बहुतेक सर्व पक्षांनी मान्य केले.

लोकमान्य टिळकांनी हा विषय पुढे नेला. मुंबईत १९०४ साली व सांगलीत १९२० साली भरलेल्या ज्योतिष परिषदांतून पंचांगशोधनाची चर्चा झाली आणि रेवती पक्षाचे पंचांग टिळक पंचांग या नावाने पुढे चालू राहिले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरातील पंचांगांचा अभ्यास केला. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. या समितीने निरयन गणनेसाठी रेवतीऐवजी चित्रा ताऱ्याशी जुळणारे मान स्वीकारले. आरंभबिंदूविषयीचे केरूनानांचे मत अशा रीतीने मागे पडले, पण आधुनिक गणिताविषयीचा त्यांचा आग्रह सर्वमान्य झाला.

विद्यार्थी

बाळ गंगाधर टिळक यांनी डेक्कन कॉलेजातून १८७६ साली बी.ए. पदवी घेतली. गणित हा त्यांचा आवडता विषय होता आणि केरूनानांविषयी त्यांना विशेष आदर होता. वेदांचा काळ ताऱ्यांच्या व संपातबिंदूच्या स्थानावरून ठरविण्याचा प्रयत्न करणारा ‘ओरायन’ हा टिळकांचा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो, हे त्यातील युक्तिवादाचे मूळ आहे आणि पंचांगाच्या वादातही तोच विषय मध्यवर्ती होता. गोपाळ गणेश आगरकर हेही केरूनानांचे विद्यार्थी होते. धर्मशास्त्राच्या आधाराऐवजी विवेकाच्या आधारे समाजाचे प्रश्न तपासण्याची भूमिका आगरकरांनी पुढे ‘सुधारक’मधून मांडली.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. टिळक तेथे शिकवू लागले व पुढे आगरकरही त्यांना येऊन मिळाले. केरूनाना आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. एतद्देशीय शिक्षकाने स्वतःच्या बळावर उच्च दर्जाचे अध्यापन करता येते, हे त्यांच्या उदाहरणाने या तरुणांनी जवळून पाहिले होते.

मृत्यू

केरूनानांचे १९ मार्च १८८४ रोजी निधन झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात केरूनानांच्या कार्याची दखल घेतली आहे. पंचांगाच्या प्रश्नावर दीक्षितांचे मत त्यांच्याहून भिन्न होते.

वारसा

केरूनाना ज्या चुंबकीय निरीक्षणांच्या आरंभकाळी कुलाबा वेधशाळेत होते ती निरीक्षणे पुढे साठ वर्षांहून अधिक काळ तेथेच चालू राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकीय उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी शहरापासून दूर, पण कुलाब्याशी तुलना करता येईल इतक्या जवळ अशी जागा शोधली आणि अलिबागची निवड केली. लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ टाळून तेथे इमारती बांधण्यात आल्या. १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत कार्यरत आहे. कुलाबा व अलिबाग मिळून झालेली नोंदींची मालिका ही भूचुंबकत्वाच्या जगातील दीर्घकालीन मालिकांपैकी एक मानली जाते.

ही वेधशाळा नागावपासून काही किलोमीटरवरच आहे. केरूनानांच्या जन्मगावाच्या परिसरात ती यावी हा योगायोग आहे, कारण जागेची निवड केवळ भौतिक कारणांनी झाली. मात्र अलिबाग परिसरातील शाळांना भूचुंबकत्व, भरती-ओहोटी आणि गुरुत्वाकर्षण हे पदार्थविज्ञानाचे मूलभूत विषय शिकविताना लागणारी उदाहरणे गावाच्या सीमेतच उपलब्ध आहेत, आणि हे विषय मराठीतून शाळकरी मुलांपुढे मांडणारा आरंभीचा एक प्रमुख लेखकही याच तालुक्यातला आहे.

ग्रंथ

अंकगणित : शालेय क्रमिक पुस्तक
पदार्थविज्ञानशास्त्र : शालेय क्रमिक पुस्तक
ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) : ग्रहगणितावरील ग्रंथ
पटवर्धनी पंचांग (१८६५ पासून) : नव्या गणितावर आधारित पंचांग